संगणकाचा कान कुणी पिळायचा?

'रेडिओचा कान पिळणे' हा प्रयोग दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात रोजच्या बोलण्यातला होता. फळीवर मांडलेल्या रेडिओला समोर दोन बटणे असत. एकाने स्टेशन लागे, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त होई. बातम्या सुरू झाल्या की आजोबा कान पिळत. परीक्षा जवळ आली की आई तोच कान उलट पिळी. यात कुणाला काही शिकवावे लागत नसे. हात थेट आवाजापर्यंत पोहोचत असे.

संगणकाने हा कान हिरावून घेतला. तो कसा गेला, त्याच्या जागी काय आले आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरी मुंबईतून पाहिले तर त्यावरच्या तोडग्यांचा इतिहास कसा दिसतो, हा आजच्या धाग्याचा विषय. विषय क्षुल्लक वाटेल. मात्र ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्यासाठी आवाज जाणे म्हणजे सबंध संगणक जाणे होय. त्या टोकाशी हा धागा पोहोचेलच.

आरंभ रेडिओपासूनच केला पाहिजे. मुंबई नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे रेडिओसंच येथेच बनू लागले. १९४० साली स्थापन झालेली टाटा समूहातली नेल्को आणि ठाण्यातली मर्फी ही नावे जुन्या मुंबईकरांच्या तोंडी असत. या सर्व संचांच्या बटणामागे एकच साधी वस्तू होती: घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारा धातूचा स्पर्शक. स्पर्शक जितका पुढे, तितका विद्युतसंकेताचा मोठा हिस्सा वर्धकाकडे. बस्स, एवढेच यंत्र.

त्यात एक मेख होती. माणसाचा कान आवाज मोजतो तो बेरजेने नव्हे, गुणाकाराने. आवाज 'दुप्पट' झाल्यासारखा वाटावा यासाठी ध्वनीची शक्ती सुमारे दहापट वाढवावी लागते. म्हणूनच अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांतून १९२० च्या दशकात डेसिबल हे लघुगणकी एकक पुढे आले. सरळ प्रमाणात चालणारी पट्टी रेडिओला लावली, तर बटण जरासे फिरवताच आवाज एकदम चढे आणि उरलेल्या घेरात फारसा फरक पडत नसे. म्हणून रेडिओसाठी वेगळी 'लॉग' पट्टी बनवत. दुरुस्ती करणारा कारागीर लघुगणक शिकलेला नसला, तरी 'लॉग' आणि 'लिनियर' पट्टी ओळखून मागत असे. हा तपशील लक्षात ठेवावा. साठ वर्षांनंतर अनेक प्रोग्रामलेखक नेमका हाच विसरले.

जुन्या पट्टीचा आजारही ठरलेला होता. कार्बन झिजला किंवा धूळ बसली की बटण फिरवताना खरखर येई. बटण दहा-वीस वेळा गरगर फिरवायचे, नाहीतर पट्टीवर स्पिरिटचा थेंब सोडायचा. रोग दिसत होता, ऐकू येत होता आणि बोटाला जाणवतही होता.

१९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यात एक चिमुकला स्पीकर होता, पण त्याला कान नव्हता. आवाजाचे बटण तर नाहीच. 'मोठा' आणि 'लहान' आवाज ही कल्पनाच त्या यंत्राला नव्हती. इंटेलची ८२५३ ही कालमापक चिप स्पीकरला फक्त 'चालू' आणि 'बंद' असे दोन संकेत देई. सूर बदलता येई, जोर बदलता येत नसे. रात्री घरातले झोपले असता खेळ खेळणाऱ्या मुलाला एकच उपाय उरे: पेटी उघडून स्पीकरची पिन उपटणे. जरा जाणकार असेल तो तारेत एखादा रोधक टाके, कुणी शंकूवर चिकटपट्टी लावी. काही हुशार प्रोग्रामलेखकांनी स्पंदांची रुंदी अतिवेगाने बदलून त्याच दोन संकेतांतून बोलण्यासारखा आवाज काढून दाखवला, ही गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअरने आवाजाचा जोर ठरवण्याचा तो आरंभीचा आडमार्ग.

भारतात हे पीसी फारसे घरी नव्हतेच. १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सैल झाली आणि यंत्रे कार्यालयांत, बँकांत, शिकवणी-वर्गांत दिसू लागली. येथे अंधेरीचा एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. मरोळ औद्योगिक वसाहतीलगत १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सीप्झ, उभे राहिले. नावात सांताक्रूझ, जागा अंधेरी पूर्वेला; मुंबईकराला या गोष्टीचे आश्चर्य वाटत नाही. केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी राखलेले ते निर्यातक्षेत्र होते. तिथे जुळवलेले संगणकाचे भाग जहाजाने किंवा विमानाने परदेशी जात. भिंतीच्या आत बनलेला माल भिंतीबाहेर विकायचा तर आयातीचे नियम आडवे येत, कारण कायद्याच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे जवळपास देशाची सीमाच होती. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अंधेरीकर मुलाला हवे असलेले कार्ड मात्र सिंगापूर किंवा तैवानहून यावे लागे.

सिंगापूरहून आलेल्या कार्डाचे नाव साउंड ब्लास्टर. त्याआधी १९८७ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात मार्टिन प्रेव्हेल या संगीताच्या प्राध्यापकाने ॲडलिब हे कार्ड काढले होते. यामाहाच्या चिपवर ते सूर वाजवी. माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्याची सोय त्यात नव्हती. सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये तीच यामाहाची चिप घेतली, तिच्या जोडीला ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची व्यवस्था दिली आणि बाजार काबीज केला.

या पहिल्या साउंड ब्लास्टरच्या मागच्या धातूच्या पट्टीवर, जिथे हेडफोनची पिन खोचायची तिथेच, एक छोटे दातेरी चाक होते. आवाजाचे चाक! रेडिओचा कान पुन्हा उगवला होता, फक्त तो पेटीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. तो पिळायचा तर टेबलाखाली शिरावे लागे.

मग ही किल्ली सॉफ्टवेअरच्या हाती गेली. १९९१ च्या साउंड ब्लास्टर प्रोमध्ये मिक्सरची चिप आली; प्रत्येक बाजूसाठी तीन बिट, म्हणजे आवाजाच्या आठच पायऱ्या. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये पाच बिट झाले: दोन-दोन डेसिबलच्या बत्तीस पायऱ्या. या मिक्सरला मायक्रोफोन, सीडी, सूर वाजवणारी चिप आणि ध्वनिमुद्रित आवाज असे वेगवेगळे ओघ येऊन मिळत, आणि प्रत्येकाची तोटी वेगळी असे. त्या सगळ्यांवर एक मुख्य तोटी. एका कानाच्या जागी सहा-सात कान झाले, आणि त्यांतला एकही हाताला लागणारा नव्हता.

डॉसच्या काळात या तोट्या कुणी राखत नसे. एखादा खेळ सुरू होताना आपल्या मनाप्रमाणे मिक्सर बदले आणि बंद होताना तसाच सोडून जाई. पुढचा खेळ मुका निघे किंवा कानठळ्या बसवी. त्यावरचा तोडगा म्हणजे ऑटोएक्झेक फाइलमध्ये लिहिलेली ओळ. कार्ड कोणत्या पत्त्यावर आहे (बहुधा २२०), कोणत्या व्यत्ययरेषेवर आहे (बहुधा ५), हे एका ओळीत. आणि एसबी१६सेट हा क्रिएटिव्हचा छोटा प्रोग्राम दुसऱ्या ओळीत. यंत्र सुरू होताच तो सर्व तोट्या ठरल्या जागी आणून ठेवी. प्रत्येक खेळाला वेगळी बॅच फाइल लिहून ठेवणारेही असत. आवाज वाढवण्यासाठी लिहिता-वाचता येणे आवश्यक झाले, ही मानवी इतिहासातली तशी नवीच अट होती.

उपनगरात घरोघरी संगणक आला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'असेंबल्ड' या नावाने. ग्रँट रोडला उतरून डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर, यादी घेऊन फिरायचे आणि खोके लोकलमधून घरी आणायचे. अस्सल साउंड ब्लास्टर महाग. त्याऐवजी ईएसएस किंवा तत्सम चिपचे स्वस्त कार्ड मिळे. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, त्यानंतर २००५ पर्यंत अशा मालावरील आयातकर टप्प्याटप्प्याने शून्यावर आला. स्वस्त कार्डाबरोबर ड्रायव्हरची एक फ्लॉपी किंवा सीडी येई. ती हरवली की कार्ड म्हणजे हिरव्या रंगाचा निर्जीव पत्रा.

याच खरेदीत एक गोष्ट आपोआप परत आली: टेबलावरचे मल्टिमीडिया स्पीकर. त्यांना समोर गोल बटण होते. विंडोजमधल्या सरकपट्ट्यांशी झटापट करून कंटाळलेल्या घरांनी स्वतःपुरता एक नियम काढला. पडद्यावरचे सगळे वर करून ठेवायचे आणि आवाज स्पीकरच्या बटणानेच कमी-जास्त करायचा. तो आळस होता, पण ध्वनिशास्त्राच्या कसोटीला बराचसा उतरणारा.

कारण असे. सीडीचा आवाज १६ बिटांचा असतो. प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबलचा, म्हणून एकूण आवाका सुमारे ९६ डेसिबल. सॉफ्टवेअर आवाज कमी करते म्हणजे त्या आकड्यांना भागाकार देते. ४८ डेसिबल कमी केला की आठ बिट खालून गळून पडतात आणि उरतो तो आठच बिटांचा खरबरीत आवाज; स्वस्त कार्डाची स्वतःची सूं-सूं मात्र कणभरही कमी होत नाही. मग तो क्षीण संकेत मोठा करण्यासाठी स्पीकरचे बटण वर न्यावे, तर सूं-सूंही मोठी होते. उलट आकडे शाबूत ठेवून शेवटच्या टप्प्यावर, वर्धकापाशी आवाज कमी केला, तर आवाज आणि सूं-सूं दोन्ही बरोबरीने खाली जातात. अर्थात पट्टी अगदी शंभरावर नेल्यास काही कार्डे संकेत चेपून आवाज फाटका करत. म्हणून जाणकार थोडे अलीकडे थांबत.

आणि ती 'लॉग' पट्टी? ती अनेक प्रोग्रामांत नव्हतीच. पडद्यावरची सरकपट्टी सरळ प्रमाणात आकडे गुणत असे. ती निम्म्यावर आणली तर आवाज जेमतेम ६ डेसिबलने उतरे, म्हणजे कानाला फारसा फरक नाही. आणि तळाच्या दहाव्या हिश्श्यात मात्र आवाज धाडकन नाहीसा होई. रेडिओच्या कारागिराने जे हाताने जाणले होते, ते यांना पुन्हा शिकावे लागले.

आता या इतिहासातला सर्वांत रंजक टप्पा: कार्ड ठीक, तारा ठीक, ड्रायव्हर ठीक, तरीही पूर्ण शांतता.

१९९२ च्या सुमारास फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांनी लिनक्ससाठी साउंड ड्रायव्हर लिहायला घेतला. भारतात लिनक्स मुख्यतः नियतकालिकांबरोबरच्या सीडींतून पसरले. पीसीक्वेस्टने मार्च १९९६ मध्ये अशी सीडी वाटली, तेव्हा इंटरनेट येऊन वर्षही झाले नव्हते आणि डायल-अपवरून शेकडो मेगाबाइट उतरवणे अशक्यप्राय होते. मुंबईच्या उपनगरांत लिनक्सला पोषक जागा होत्या. जुहूला एनसीएसटी होती. ईमेलच्या आरंभकाळात या संस्थेने पवईच्या आयआयटीशी दुवा जोडला होता आणि पुढे तिथेच लिनक्समध्ये भारतीय लिप्या आणण्याचे 'इंडिक्स' हे काम झाले. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्या पुढाकाराने मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार चालू होता. अशा जागांतून सीडी हातोहात फिरत.

१९९८ मध्ये चेक प्रोग्रामलेखक यारोस्लाव्ह किसेला यांनी 'अल्सा' हा नवा प्रकल्प हाती घेतला; डिसेंबर २००३ च्या २.६ या कर्नेल-आवृत्तीत तो प्रमुख ध्वनिव्यवस्था म्हणून आला. जुन्या व्यवस्थेहून तो सर्वार्थाने सरस होता. फक्त बसवल्यानंतर आवाज येत नसे.

दोष कुणाचा म्हणावा? १९९७ मध्ये इंटेलने 'एसी ९७' हे मानक आखले; त्यानंतर साउंड कार्ड हळूहळू मदरबोर्डातच विरघळले. या मानकात मुख्य आवाजाचे एक रजिस्टर आहे, दीड डेसिबलच्या पायऱ्यांचे. त्याचा सर्वांत वरचा बिट म्हणजे 'म्यूट'. वीज येताच त्या रजिस्टरमध्ये जी संख्या असते, तिच्यात हा बिट चढवलेलाच असतो. म्हणजे चिप जन्मतःच मुकी. वीज लागताच स्पीकरमधून दणका बसू नये, या दृष्टीने ती योजना शहाणपणाचीच. विंडोजचा ड्रायव्हर सुरू होताना गुपचूप हा बिट उतरवी. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. अल्साने मात्र बाळगलेला संयम कडक होता: तोट्या बंद ठेवायच्या, उघडायचे ते मालक उघडील.

मालकाला हे सांगणार कोण? परिणामी हजारो लोकांनी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवले, कर्नेल नव्याने जुळवले, चांगली कार्डे बदलली. उत्तर मात्र अल्सामिक्सर या काळ्या पडद्यावर होते. तिथे उभ्या पट्ट्यांच्या पायथ्याशी 'एमएम' अशी अक्षरे असत. तिथे जाऊन 'एम' कळ एकदा दाबली की त्या जागी दोन शून्ये येत आणि संगणक बोलू लागे. एक कळ! मुख्य पट्टी उघडली आणि पीसीएमची राहिली, तरी शांतताच. शिवाय यंत्र बंद करून सुरू केले की पुन्हा मौन. म्हणून अल्साकंट्रोलला 'स्टोअर' असा आदेश देऊन ती स्थिती फाइलमध्ये साठवायची आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये 'रिस्टोअर'ची ओळ घालायची. डॉसमधल्या त्या ऑटोएक्झेकच्या ओळीचाच हा पुनर्जन्म.

लॅपटॉपवर कोडे आणखी अवघड. 'बाह्य वर्धक' आणि 'हेडफोनची चाहूल' अशा अर्थाच्या दोन कळा मिक्सरच्या उजव्या टोकाला, पडद्याबाहेर दडलेल्या असत. कारखानदाराने तारा उलट्या अर्थाने जोडल्या असतील, तर 'चालू' म्हणजे बंद. हेडफोन काढून ठेवला असतानाही यंत्राला तो लावलेलाच आहे असा भास होई.

२००४ मध्ये इंटेलने 'हाय डेफिनिशन ऑडिओ' आणले तेव्हा हा भास अधिकृत झाला. चिपला अनेक पाय असतात. कोणता पाय हेडफोनला, कोणता स्पीकरला जोडला आहे, हे बोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये नोंदवायचे असते. तो ते चुकीचे नोंदवी किंवा नोंदवतच नसे, कारण त्याच्या विंडोज-ड्रायव्हरला आधीच सर्व ठाऊक असे. लिनक्सच्या बाजूने ताकाशी इवाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चुकांची यादी करत करत ड्रायव्हरमध्ये भली मोठी सारणी जमवली. तुमचा लॅपटॉप सारणीत नसेल, तर एका फाइलमध्ये 'मॉडेल' असे लिहून एकेक नाव घालून पाहायचे. दहावे नाव लागू पडे. का लागू पडले, हे कुणी विचारत नसे.

काही कार्डांना तर हार्डवेअरची तोटीच नव्हती. त्यांच्यासाठी अल्सात 'सॉफ्टव्हॉल' नावाची जोड आहे. घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये सात-आठ ओळी लिहिल्या की मिक्सरमध्ये एक कृत्रिम पट्टी उगवते. सहसा उणे ५१ डेसिबलपासून शून्यापर्यंत, २५६ पायऱ्यांची. कमाल मर्यादा शून्याच्या वर नेली तर क्षीण आवाजाचा लॅपटॉपही मोठ्याने बोलू लागतो, अर्थात फाटेपर्यंत. या जोडीची एक गंमत अशी, की तिच्यातून एकदा काही वाजवल्याशिवाय ती पट्टी मिक्सरमध्ये दिसतच नाही. फाइल बरोबर लिहूनही 'काही झाले नाही' म्हणून ती पुसून टाकणारे किती असतील!

विंडोजचा संसारही फार सुखाचा नव्हता. एक्सपीपर्यंत अनेक प्रोग्राम स्वतःचा आवाज म्हणून सगळ्यांचीच 'वेव्ह' पट्टी हलवत. २००७ च्या व्हिस्टाने प्रत्येक प्रोग्रामला वेगळी पट्टी दिली. लिनक्सवर लेनार्ट पोटरिंग यांच्या पल्सऑडिओने तेच केले. मात्र २००९ च्या सुमारास त्यात 'सपाट आवाज' ही कल्पना आली, जिच्यात एखाद्या प्रोग्रामने शंभर टक्के मागितले की मुख्य पट्टीच शंभरावर चढे. हेडफोन कानात असताना हा अनुभव घेतलेल्यांनी त्या कल्पनेला मनापासून शिव्या दिल्या, आणि उबुंटूसारख्या वितरणांनी ती बंद करून टाकली.

पवईत हा प्रश्न उलट्या दिशेने आला: ऐकण्यापेक्षा बोलण्याच्या बाजूने. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारच्या शिक्षण-अभियानातून 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे, आधी इंग्रजीत आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केलेले. विद्यार्थ्याने हेडफोन लावायचे, धडा ऐकायचा, थांबवायचा, स्वतः करून पाहायचे. शिक्षक समोर नसतो. धड्याचा आवाज हाच शिक्षक. प्रयोगशाळेतल्या चाळीस यंत्रांपैकी पाच मुकी निघाली, तर पाच मुलांचा वर्ग बुडाला.

असे धडे घरच्या साध्या संगणकावर मुद्रित करणाऱ्याला मायक्रोफोनची पट्टी छळते. ती मंद ठेवली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. 'माइक बूस्ट'ची कळ चढवली की एकदम वीस डेसिबलची उडी, आणि तिच्याबरोबर पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावरची रिक्षा व ५० हर्ट्झचा विजेचा घूं-घूं. शेवटचा त्रास बहुधा अर्थिंगचा. त्यावर सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे लॅपटॉपचा चार्जर उपटून बॅटरीवर मुद्रण करणे. दुसरा तोडगा म्हणजे अंगठ्याएवढे यूएसबी साउंड कार्ड, जे मायक्रोफोनला मदरबोर्डाच्या गोंगाटापासून दूर नेते.

हेच अंगठ्याएवढे कार्ड एका वेगळ्याच माणसाच्या कामी आले.

दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर हे प्रोग्राम डॉसच्या काळापासून आहेत. तेव्हा बोलण्याचे काम बाहेरची पेटी करी. १९८४ चा डेकटॉक हे त्याचे गाजलेले उदाहरण. ती सीरियल तारेने जोडत आणि अशा बहुतेक पेट्यांना आवाजाचे स्वतःचे बटण असे. पेटी महाग होती, पण तिचा कान हाताला लागत होता. संगणकाने कितीही गोंधळ घातला, तरी बोटाने चाचपून आवाज वाढवता येई.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे बोलणे साउंड कार्डावर आले. पेटीचा खर्च वाचला, हे मोठेच काम झाले. २००६ मध्ये मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांचा एनव्हीडीए विनामूल्य आला. जोनाथन डडिंग्टन यांच्या ईस्पीकमुळे त्याला पुढे मराठीही बोलता आले. सफाईदार नाही, यंत्राच्या कोरड्या स्वरात, पण मराठी. वरळीचा राष्ट्रीय अंधजन संघ असो की झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून चालणारे दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र, मुंबईत दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला पाठबळ देणाऱ्या अशा संस्था शहराच्या दक्षिण टोकाकडे. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या विद्यार्थ्याला तिथवर जायला लोकलचा तासाभराचा प्रवास. घरचा संगणक बोलणे म्हणूनच महत्त्वाचे.

तो संगणक एका चुकीच्या कळीने मुका झाला की काय होते, याचा विचार डोळस माणूस सहसा करत नाही. डोळस माणूस कोपऱ्यातले स्पीकरचे चित्र पाहतो, त्यावरची फुली पाहतो, ती काढतो. दृष्टिहीनाला 'आवाज बंद आहे' हे सांगणारा आवाजच बंद असतो. यंत्र अडकले आहे, बंद पडले आहे, की नुसते म्यूट आहे, हे ओळखायला काहीही साधन नाही. व्हिडिओ-बैठकीचा एखादा प्रोग्राम सगळ्यांचा आवाज खाली ओढतो, नवा ड्रायव्हर बसतो, टीव्हीला जोडलेल्या तारेकडे आवाज निघून जातो, आणि शेजाऱ्याला हाक मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तोडगा यूएसबीच्या त्या चिमुकल्या कार्डाने दिला. संगणकाला दुसरे साउंड कार्ड लावायचे आणि एनव्हीडीएच्या मांडणीत सांगून ठेवायचे की बोलणे फक्त याच्यावर. मूळ कार्डावर गाणी, बैठका, ब्राउझर काहीही घालोत. वाचणारा आवाज वेगळ्या वाटेने येतो. ज्या कार्डावर किंवा त्याच्या हेडफोनवर आवाजाचे बटण आहे असेच निवडावे, असा अनुभवी वापरणाऱ्यांचा आग्रह असतो. डेकटॉकची पेटी अंगठ्याएवढी होऊन परतली म्हणायची. २०२४ मध्ये एनव्हीडीएने आणखी एक सोय दिली: स्क्रीन रीडर एका कानात, बाकीचे सर्व दुसऱ्या कानात.

इकडे डोळसांच्या हातातूनही कान पुन्हा निसटतो आहे. फोनमधून हेडफोनचे छिद्र गेले आणि बोटभर तारेचा डोंगल आला. हा डोंगल म्हणजे पुरते साउंड कार्डच. त्याच्या पिनेच्या वेष्टणात अंकांचा आवाज करणारी चिप असते आणि तिला स्वतःची हार्डवेअर-तोटीही असते. ॲपलचा डोंगल अनेक अँड्रॉइड फोनना लावला की आवाज फारच बारीक येतो, ही प्रसिद्ध तक्रार. फोन आपली सॉफ्टवेअरची पट्टी शंभरावर नेतो, पण डोंगलमधली तोटी अर्धवट मिटलेली आहे, हे त्याला ठाऊकच नसते. ती उघडायची तर अँड्रॉइडची ध्वनिव्यवस्था ओलांडून थेट यूएसबीशी बोलणारे ॲप घ्यावे लागते. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोत मरोळ नाक्याला दार उघडते, गर्दीचा लोंढा आत येतो, आणि कुणीतरी फोनच्या कडेची कळ दाबतच राहते. पडद्यावरची पट्टी केव्हाच टोकाला जाऊन टेकलेली असते.